विद्येसाठी परदेशगमन : खर्च कोणी केला?

परदेशी जाऊन शिकून आलेल्या थोर स्त्री-पुरुषांची चरित्रे आपण सर्वजणी आवडीने वाचतो. त्यांत बुद्धीचे वर्णन असते, समाजाच्या विरोधाचे असते, आगबोटीच्या प्रवासाचे असते. परंतु तिकिटाचे पैसे कोणी दिले, कॉलेजची फी कोणी भरली, परक्या गावात दोन वेळच्या जेवणाची सोय कशी झाली, हे बहुधा एका ओळीत उरकलेले असते. घर चालविणारी बाई मात्र हीच ओळ आधी शोधते. कोणतेही कार्य ठरले की पहिला प्रश्न खर्चाचा, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या अंकासाठी मी हाच एक प्रश्न घेऊन जुन्या गोष्टींकडे पाहिले आहे. त्यातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. पैसा कोठून आला यावर, शिकणाऱ्याच्या पायात बेडी किती जड पडणार, हे पुष्कळसे ठरत असे. काही पैसा धर्म मागतो, काही नोकरी मागतो, काही परतफेड मागतो. आणि फार थोडा पैसा असा असतो, की जो केवळ अभ्यास मागतो.

आरंभ अर्थातच आनंदीबाई जोशी यांच्यापासून करावयास हवा. १८७८ साली कोल्हापुरास असताना गोपाळराव जोशी यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले, की पत्नीला तिकडे शिकवावयाचे आहे, काही सोय होईल काय? वाइल्डर यांचे उत्तर आले त्याचा मतितार्थ असा, की आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. हा पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापला गेला. न्यू जर्सी प्रांतातील रोसेल गावच्या श्रीमती कार्पेंटर या बाईंनी १८८० साली तो दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना वाचला आणि आनंदीबाईंना पत्र धाडले. एका परक्या गृहिणीने आपण होऊन लिहिलेल्या त्या पत्रातून पुढचे सर्व घडले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

परंतु मावशी मिळाली म्हणून तिकीट मिळाले नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण केले. आपण का जातो, इथेच का शिकत नाही, एकटीच का जातो, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन, असे सांगितले. त्यानंतर काही वर्गणी जमली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी २०० रुपये दिले. तरीही अंगावरचे सोने विकावे लागलेच. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाने त्यांना शिष्यवृत्ती दिली. धर्म बदला असे कॉलेजने म्हटले नाही. परंतु शिष्यवृत्तीत फी बसते, खोलीची ऊब बसत नाही. नऊवारी लुगडे, शाकाहारी जेवण, तिकडची थंडी आणि धुराने भरणारी चूल, यांत त्यांची प्रकृती ढासळली. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पूर्ण व्हावयास महिनाभर उरला होता. हा खर्च कोणत्याही खातेवहीत मांडलेला नाही.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्या विधवा होत्या आणि कडेवर मनोरमा ही लहान मुलगी होती. त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून विकले आणि त्यातून प्रवासाच्या पैशाला हातभार लावला. तिकडे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहण्या-जेवण्याची सोय झाली आणि त्याबदली हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावयाचे, असे ठरले. म्हणजे हा व्यवहार भिक्षेचा नव्हता, कामाच्या मोबदल्याचा होता.

व्यवहार सरळ असला तरी वाट सरळ नव्हती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीचा त्या परक्या मुलखात, मनाचा तोल जाऊन, आत्मघाताने अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, यावरून बिशपांनी हरकत घेतली. धर्ममतांवरूनही त्यांचा आणि मठातील भगिनींचा पत्रांतून मोठा वाद झाला. आपण धर्म घेतला तो समजून घेतला. आता आपला विवेक दुसऱ्याच्या हाती देणार नाही, ही त्यांची भूमिका होती. जो आश्रय देतो तो पुष्कळदा आपले विचारही आपल्या ताटात वाढू पाहतो. रमाबाई मिठाला जागल्या, परंतु विचार मात्र स्वतःचे ठेवले, हे मला त्यांच्या पांडित्याइतकेच मोठे वाटते. पुढे अमेरिकेत स्वतःचे पुस्तक विकून आणि गावोगाव भाषणे करून त्यांनी निधी जमविला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

आता तिसऱ्या प्रकारचा पैसा, म्हणजे वर्गणीचा. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेतील त्यांचा क्रमांक असा होता, की इंग्लंडात शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली. गुण तिचेच, परीक्षा तीच, पैसा मात्र नाही! तेव्हा इंग्लंडमधील लेडी हॉबहाउस आदी स्त्रियांनी वर्तमानपत्रात आवाहन करून निधी जमा केला. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची मोठी परीक्षा दिली. तशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे. नियम बदलला १९२० साली, आणि त्यांना पदवी मिळाली १९२२ साली. परीक्षा आणि पदवी यांमध्ये तीस वर्षांचे अंतर!

त्याच १८८९ साली रखमाबाईही इंग्लंडला गेल्या. लहानपणी लागलेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे कोर्टात ठणकावून सांगणाऱ्या त्याच या रखमाबाई. १८८७ साली नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉक्टर एडिथ पीची आणि इंग्लंडमधील काही मंडळी यांनी त्यांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळविले. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांची सेवा केली. १९५५ साली त्या वारल्या. त्यांना मिळालेल्या प्रत्येक रुपयाची फेड गुजरातेतल्या किती बाळंतिणींनी पाहिली असेल, याचा हिशेब कोण मांडणार?

वर्गणीचा पैसा चांगला खरा, परंतु तो मागावा लागतो. आपली दुःखे चारचौघांत सांगावी लागतात. प्रत्येक मुलीसाठी प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात पत्र लिहिणारी लेडी कोठून आणावी? म्हणून कायम स्वरूपाची व्यवस्था हवी होती, आणि ती एका व्यापाऱ्याला सुचली.

जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता एक निधी स्थापन केला. हा निधी दान देत नसे, कर्ज देत असे. शिकून यावे, कमवावे, फेडावे आणि त्या पैशावर पुढच्याने जावे. म्हणजे घेणाऱ्याची मान खाली नाही आणि निधीही आटत नाही. या निधीच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत एक आपल्या मराठी बाई होत्या, डॉ. कृष्णाबाई केळवकर. त्या शिकून आल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातच रुजू झाल्या. आनंदीबाईंची खुर्ची जेथे रिकामी राहिली होती, तेथेच पुढे मराठी स्त्री डॉक्टर काम करू लागली. त्याच निधीच्या आधारावर पुढे जयंत नारळीकर केंब्रिजला गेले, आणि राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन लंडनला. हा निधी आजही चालू आहे.

संस्थानिकांचा पैसा हा आणखी एक प्रकार. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, अशी शिष्यवृत्ती दिली. अट अशी, की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतावे लागले. बोटीने वेगळे पाठविलेले सामान व ग्रंथ समुद्रात बुडाले. कराराप्रमाणे ते बडोद्यास गेले, तर तेथे अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना आणि कचेरीतले शिपाई कागद दुरून फेकीत. ज्या राजाने विद्येसाठी पैसा दिला, त्याच्याच राजधानीत विद्वानाला डोक्यावर छप्पर मिळू नये! शिष्यवृत्ती माणसाला सातासमुद्रापार नेऊ शकते, परंतु परत आल्यावर गावाने दार उघडावे, हे काम शिष्यवृत्तीचे नव्हे, ते गावाचे आहे.

पुढे त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भाथेना या पारशी मित्राचे कर्ज जोडून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धा राहिलेला अभ्यास पुरा केला. या सर्व वर्षांत मागे मुंबईत रमाबाईंनी तुटपुंज्या पैशात संसार ओढला. शिष्यवृत्ती देणाऱ्यांच्या यादीत गायकवाडांचे नाव आहे, शाहू महाराजांचे आहे. माझ्या मते रमाबाईंचेही असावयास हवे. नवरा वा मुलगा परदेशी शिकत असताना घरातील बाई जे पोटाला चिमटा घेऊन वाचविते, तीही शिष्यवृत्तीच होय.

पदरी काहीच नसेल तर काय करावे, याचे उत्तर पार्वतीबाई आठवले यांनी दिले. हिंगण्याच्या आश्रमाच्या या विधवा कार्यकर्त्या १९१८ साली, वयाची पंचेचाळीस उलटल्यावर, अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी पैसा मिळवावा, हा हेतू. त्यांनी तेथे लोकांच्या घरी भांडी घासून, घरकाम करून पोट भरले. त्यांची गोष्ट विद्यापीठाच्या पदवीची नव्हे, तरी मी ती मुद्दाम सांगते. जे काम आपण रोज करतो आणि ज्याला कोणी किंमत देत नाही, त्याच कामावर एक बाई परदेशी उभी राहिली.

आश्रमाचे संस्थापक महर्षी कर्वे यांच्या घरातलीच पुढची गोष्ट. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला मानववंशशास्त्र शिकावयास निघाल्या. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वाहिलेल्या अण्णांना हे जाणे पसंत नव्हते. पण यजमान दिनकरराव ठाम राहिले आणि डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. १९३० साली इरावतीबाई डॉक्टरेट घेऊन आल्या आणि त्यांच्या ग्रंथांनी मराठी वाचकांना काय दिले, ते सांगावयास नकोच. स्त्रियांनी शिकावे असे म्हणणे सोपे. आपल्याच सुनेने मूल-संसार सोडून किती दूर आणि किती खर्चाने शिकावे, याची मर्यादा घराघरात निरनिराळी असते. ती रेषा कोणी तरी पुढे सरकवावी लागते.

आणि आता तो दुर्मिळ पैसा, जो केवळ अभ्यास मागतो. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, या १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत चमकल्या. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी अर्ज केला, तर स्त्री म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्यांनी तेथे जाऊन सत्याग्रह मांडला. तेव्हा पहिले वर्ष रीतसर विद्यार्थिनी धरणार नाही, मार्गदर्शक म्हणतील त्या वेळी काम करावे लागेल, प्रयोगशाळेचे वातावरण बिघडवावयाचे नाही, अशा अटी घालून प्रवेश मिळाला. अटी कडू होत्या, पण त्या गिळून त्यांनी काम करून दाखविले, आणि पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर त्या १९३७ साली केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतील श्वसनावर संशोधन करून १९३९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. परत आल्यावर त्यांनी कडधान्ये, नीरा यांसारख्या गोरगरिबांच्या आहारातील पदार्थांवर काम केले. येथे कोणी धर्म विचारला नाही, वर्गणी मागावी लागली नाही. विद्यापीठाकडे पैसा ठेवलेला होता, गुण दाखविले आणि तो मिळाला. शिष्यवृत्ती असावी ती अशी.

स्वातंत्र्यानंतर अशी दारे वाढली. २ फेब्रुवारी १९५० रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट योजनेचा करार झाला. राष्ट्रकुल शिष्यवृत्त्यांची योजना १९५९ साली ठरली. अनुसूचित जाती-जमातींसाठी केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती पन्नासच्या दशकात सुरू झाली, आणि महाराष्ट्र सरकार राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अशी शिष्यवृत्ती देते. तरीही दारावरची पाटी नीट वाचावी लागे. ऑक्सफर्डची प्रसिद्ध ऱ्होड्‌स शिष्यवृत्ती १९०२ साली मृत्युपत्रातून निघाली, पण ती स्त्रियांना १९७७ सालापासून मिळू लागली. पाऊणशे वर्षे जगातल्या एकाही मुलीला तिच्यासाठी अर्ज करता येत नव्हता.

आज आपल्या आळीतल्या मुलीही परदेशाची स्वप्ने पाहतात. त्यांच्या आयांना एक गोष्ट माहीत असावी, की शिक्षण-शिक्षणात फरक आहे. अमेरिकेत एम. एस. सारख्या पदवीचा खर्च बहुधा स्वतः अथवा कर्ज काढून करावा लागतो. परंतु विज्ञानासारख्या विषयात डॉक्टरेट करावयाची असेल, तर चांगली विद्यापीठे पुष्कळदा फी माफ करतात आणि शिकविण्याचे किंवा प्रयोगशाळेचे काम देऊन दरमहा वेतनही देतात. पुष्कळ विद्यापीठांनी आपसात असे ठरविले आहे, की अशा मदतीच्या प्रस्तावाला होकार की नकार, हे कळविण्यास विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत अवधी द्यावा. तेव्हा पत्र आले की घाईने हो म्हणू नये. चार ठिकाणची पत्रे येऊ द्यावीत आणि कोठे खर्च किती, वेतन किती, अटी कोणत्या, हे मुलीबरोबर बसून कागदावर मांडावे. जिला महिन्याचे वाणसामान बसविता येते, तिला हा हिशेब अवघड नाही.

भगिनींनो, या सर्व गोष्टी वाचताना मला पदोपदी वाटले, की या मुली काही एकट्या गेल्या नाहीत. कोणाच्या मागे कार्पेंटर मावशी होती, कोणाच्या मागे लेडी हॉबहाउस, कोणाच्या मागे डॉक्टर पीची. ज्यांच्या मागे कोणीच नव्हते, अशाही हुशार मुली त्या काळी असतीलच, परंतु त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत, कारण त्या गावाबाहेर पडल्याच नाहीत.

आपल्या मंडळाची शिल्लक केंब्रिजला पुरणारी नाही, हे मी जाणते. परंतु परदेशी जाण्याआधी अर्जांची फी असते, इंग्रजीच्या परीक्षेची फी असते, कागदपत्रांचा खर्च असतो. शिष्यवृत्ती मिळते ती नंतर. हा पहिला पैसा घरचाच घालावा लागतो, आणि हुशार पण गरीब मुलगी अडते ती बहुधा येथेच. हळदीकुंकवाच्या आणि भिशीच्या पैशातून थोडी रक्कम बाजूला काढून, टाटांच्या रीतीने, बिनव्याजी कर्जाऊ द्यावी. मुलगी कमवू लागली की तिने परत करावी आणि ती दुसरीला मिळावी, अशी माझी सूचना आहे. येत्या वार्षिक सभेत ती विचारासाठी ठेवावी, ही सर्वांना नम्र विनंती.